पोटोमॅकच्या काठचा पार्कवे : झालेला रस्ता आणि न झालेला रस्ता

आजच्या व्याख्यानाचा विषय एक रस्ता आहे, आणि तो काही फार लांबलचक नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, तिच्या समोरच्या काठावर व्हर्जिनिया राज्य, आणि मधून वाहणारी पोटोमॅक नदी. या नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठाने साधारण ४० किलोमीटर हा रस्ता जातो. नाव जॉर्ज वॉशिंग्टन मेमोरियल पार्कवे. तिथली माणसं नुसतं 'जी-डब्ल्यू पार्कवे' म्हणतात.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं उत्तर व्हर्जिनियात राहतात. त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांनी हा रस्ता पाहिलेला असण्याची शक्यता खूप आहे. गाडी विमानतळाच्या बाजूने निघते, मुलगा म्हणतो, "आई, उजवीकडे बघ, वॉशिंग्टन मॉन्युमेंट!" आणि आई चष्मा सावरेपर्यंत झाडं आडवी येतात. आमचंही पहिल्यांदा असंच झालं. पुढच्या खेपेला लेकीकडे राहायला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, की गाडी घरी ठेवायची आणि हा काठ तुकड्यातुकड्याने पायी बघायचा. तसा तो बघितला.

चालता चालता एक प्रश्न पडला. हा रस्ता नेमका कशासाठी केला? लोकांना नदी दिसावी म्हणून, नदीचा काठ राखावा म्हणून, की ऑफिसला लवकर पोचावं म्हणून? कागदपत्रं वाचायला लागलो तेव्हा कळलं, की गेली नव्वद वर्षं या तिन्ही उत्तरांची ओढाताण चालू आहे. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

पार्कवे म्हणजे काय?

आधी शब्द समजून घेऊ. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी ज्यांनी केली, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅलव्हर्ट व्हॉ या जोडीने १८६०च्या दशकात 'पार्कवे' हा शब्द रूढ केला. तेव्हा मोटारी नव्हत्या. घोडागाडीतून बागेकडे जाताना बाग आधीच सुरू झाल्यासारखी वाटावी, म्हणून दुतर्फा झाडी असलेला रुंद रस्ता, एवढीच मूळ कल्पना. ब्रुकलिनमधला ईस्टर्न पार्कवे हा त्या काळातला.

मोटारी आल्यावर कल्पना बदलली. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडून येणारी ब्रॉन्क्स नदी तेव्हा सांडपाण्याने आणि कचऱ्याने भरलेली होती. १९०७ साली तिच्यासाठी एक आयोग नेमला गेला. आयोगाने काठची जमीन ताब्यात घेतली, घाण काढली, झाडं लावली आणि त्या पट्ट्यातून वळणं घेत जाणारा मोटार रस्ता केला. १९२५ साली तो पूर्ण झाला. इथे क्रम लक्षात ठेवा. आधी नदी स्वच्छ करायची, आणि त्या निमित्ताने रस्ता. पुढे वॉशिंग्टनला जे झालं त्याचं बीज इथे आहे.

साधा रस्ता आणि पार्कवे यांत फरक पडतो तो कडेच्या जमिनीमुळे. साध्या रस्त्याला लागून खाजगी जमीन असते. प्रत्येक मालकाला रस्त्यावर फाटक हवं असतं, मग दुकान, मग पाटी. दहा वर्षांत रस्त्याचा बाजार होतो. पार्कवेच्या दोन्ही बाजूंना मात्र सरकारी बागेचा पट्टा असतो. त्यामुळे कुणाला रस्त्यावर थेट उघडता येत नाही. जाहिरातीचे फलक नाहीत, आत शिरायची ठिकाणं मोजकी, आणि मालवाहू ट्रकना बंदी. रस्ता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतो, पुलांना दगडी मढवण असतं. जी-डब्ल्यू पार्कवेवर आजही ट्रक चालत नाहीत. तो रस्ता सांभाळतं ते रस्ते खातं नाही, राष्ट्रीय उद्यान सेवा सांभाळते. कायद्याच्या दृष्टीने ते एक उद्यान आहे आणि त्यातून रस्ता जातो.

नदीचा स्वभाव

आता नदीकडे वळू, कारण नदी समजल्याशिवाय रस्त्याचे दोन चेहरे समजत नाहीत.

पोटोमॅक पश्चिमेच्या डोंगरातून येते. वॉशिंग्टनपाशी पोचेपर्यंत ती कठीण, जुन्या खडकातून वाहते. मग खडक संपतो आणि समुद्राकडचा मऊ गाळाचा प्रदेश सुरू होतो. या सीमेला भूगोलात 'फॉल लाइन' म्हणतात, कारण नदी इथे खडकावरून खाली उतरते. शहराच्या वर ग्रेट फॉल्स नावाची जागा आहे, तिथे पाणी दीड किलोमीटरच्या आतच सुमारे २३ मीटर खाली येतं. त्याखाली लिटल फॉल्स. तिथपर्यंत समुद्राची भरती-ओहोटी पोचते.

म्हणजे एकाच नदीच्या दोन नद्या झाल्या. वरची खळाळती, कड्यांमधली. खालची रुंद, संथ, दिवसातून दोनदा साधारण मीटरभर चढउतार करणारी. समुद्रातून आलेली जहाजं फॉल लाइनपाशी थांबत, म्हणून जॉर्जटाउन आणि अलेक्झांड्रिया ही बंदरं तिथे वसली. पुढे राजधानीही तिथेच आली.

जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, माउंट व्हर्नन, खालच्या संथ भागात. पण वरच्या भागाकडेही त्याचं लक्ष होतं. १७८५ साली स्थापन झालेल्या पटोमॅक कंपनीचा तो अध्यक्ष होता. नदीतले धबधबे कालव्याने वळसा घालून पार करायचे आणि पश्चिमेचा व्यापार इकडे आणायचा, हा बेत. ग्रेट फॉल्सजवळचा कालवा १८०२ साली सुरू झाला, तेव्हा वॉशिंग्टन जाऊन दोन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. त्या कालव्याच्या दगडी भिंती आजही तिथे दिसतात. म्हणून माउंट व्हर्नन ते ग्रेट फॉल्स या काठाला त्याचं नाव द्यावं, यात तर्क आहे.

१९३२ ची तारीख

माउंट व्हर्नन मोडकळीला आलं होतं, तेव्हा १८५८ साली महिलांच्या एका संस्थेने ते विकत घ्यायचा करार केला. सरकारने नाही, हे विशेष. आजही तीच संस्था ते चालवते. लोक तिथे बोटीने जात, १८९२ पासून विजेच्या ट्रामनेही जाऊ लागले. तिथवर चांगला रस्ता व्हावा ही मागणी १८८०च्या दशकापासून होती. १९०२ च्या मॅकमिलन आराखड्यातही, म्हणजे राजधानीच्या फेररचनेच्या आराखड्यात, नदीकाठच्या रस्त्यांची शिफारस होती. पण कागद कागदावरच राहिला.

हलला तो एका तारखेमुळे. वॉशिंग्टनचा जन्म १७३२ चा. १९३२ साली दोनशे वर्षं होणार होती. १९२८ साली अमेरिकी संसदेने माउंट व्हर्नन मेमोरियल हायवेला मंजुरी दिली. मार्ग कुठून न्यायचा यावर वाद झाला. एक मार्ग आतल्या उंच भागातून होता, दुसरा नदीच्या काठाने. १९२९ च्या सुरुवातीला नदीचा मार्ग पक्का झाला.

काम संघराज्याच्या रस्ते खात्याने केलं. ब्रॉन्क्स नदीच्या भागात अनुभव घेतलेले इंजिनियर जे डाउनर आणि लँडस्केप आर्किटेक्ट गिलमोर क्लार्क सल्लागार म्हणून आले. काठ दलदलीचा होता. काही ठिकाणी नदीच्या तळातला गाळ-वाळू पंपाने उपसून भराव टाकावा लागला आणि त्यावर रस्ता उभा राहिला. सुमारे २४ किलोमीटरचा तो रस्ता १९३२ साली खुला झाला. संघराज्य सरकारने स्वतः बांधलेला आणि सांभाळलेला हा पहिला पार्कवे.

त्याच्या मधोमध अलेक्झांड्रिया हे जुनं शहर येतं. शहराला वळसा घालता येत नव्हता, म्हणून तिथे पार्कवे शहराच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरूनच जातो. १९२९ साली शहराशी करार झाला, की या रस्त्याचं स्मारकपण राखलं जाईल. आजही त्या रस्त्यावर काय बांधायचं याची चर्चा निघाली की हा करार पुढे येतो.

नकाशावरचा मोठा बेत

रस्ता अजून बांधून व्हायचा होता, तेवढ्यात १९३० साली दुसरा कायदा आला. सिनेटर आर्थर कॅपर आणि प्रतिनिधी लुईस क्रॅम्टन यांच्या नावाने तो ओळखला जातो. बेत असा होता: व्हर्जिनियाच्या बाजूने माउंट व्हर्ननपासून ग्रेट फॉल्सपर्यंत, आणि समोर मेरीलँडच्या बाजूने फोर्ट वॉशिंग्टनपासून ग्रेट फॉल्सपर्यंत, दोन्ही काठ सरकारने घ्यायचे. मधे रस्ते, कडेला वनराई. त्या काळात ग्रेट फॉल्सपाशी वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचे प्रस्ताव येत होते. काठ एकदा उद्यान झाला की तो वाचेल, हा विचार या कायद्यामागे होता.

म्हणजे पुन्हा तोच क्रम. काठ राखायचा आहे, आणि रस्ता हे त्याचं साधन. पण कायद्यात एक अट होती. जमिनीचा निम्मा खर्च राज्याने किंवा स्थानिक संस्थांनी द्यायचा. मंदीचा काळ, मग महायुद्ध. पैसा हळूहळू आला, आणि रस्ता तुकड्यातुकड्याने वर सरकला.

१९५०च्या दशकात परिस्थिती पालटली. उपनगरं पसरली, गाड्या वाढल्या. त्यातच गुप्तहेर संघटना सीआयएचं मुख्यालय लँगलीला, म्हणजे याच काठाच्या वर, बांधायचं ठरलं. तिथे रोज हजारो माणसं पोचवायची होती, त्यामुळे रस्ता तिथवर भराभर नेला गेला. १९६२ साली तो कॅपिटल बेल्टवेला, म्हणजे राजधानीभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाला, जाऊन मिळाला आणि तिथेच थांबला. ग्रेट फॉल्सपर्यंत कधीच पोचला नाही.

दक्षिणेचा भाग आणि उत्तरेचा भाग चालवून बघा, तीस वर्षांचं अंतर स्टिअरिंगवर जाणवतं. दक्षिणेला रस्ता अरुंद, सावकाश, घरांच्या गल्ल्या येऊन मिळतात. उत्तरेला रुंद, वेगवान, मधे हिरवा दुभाजक, उंच पूल. दोन्ही सुंदर आहेत, पण पहिला फिरायला निघालेल्यांसाठी आखलेला, दुसरा ऑफिसला निघालेल्यांसाठी.

न झालेला रस्ता

आमच्या मते या गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग पलीकडच्या, मेरीलँडच्या काठावर घडला.

तिथे नदीला लागून चेसापीक-ओहायो कालवा आहे. १८२८ साली खोदायला घेतला, १८५० साली कम्बरलँड गावापर्यंत पोचला, लांबी सुमारे २९७ किलोमीटर. कालव्यातली बोट खेचरं ओढत. खेचरांसाठी कडेने पायवाट होती. १९२४ च्या पुरानंतर कालवा बंद पडला, १९३८ साली सरकारने विकत घेतला. मग कल्पना निघाली, की या कालव्याच्या पट्ट्यातून कम्बरलँडपर्यंत पार्कवे न्यावा.

१९५४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने अग्रलेखात या रस्त्याला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की अग्रलेख लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर हा काठ पायी चालावा आणि मग मत द्यावं. वृत्तपत्राने आव्हान स्वीकारलं. मार्चमध्ये डग्लस कम्बरलँडहून निघाले, बरोबर पत्रकार, निसर्ग अभ्यासक, चालणारी मंडळी. आठ दिवसांत ते राजधानीत पोचले. सगळं अंतर पायी पुरं करणारे फक्त नऊ जण होते. पण वाटेत आणि शेवटी स्वागताला गर्दी लोटली. वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली. १९७१ साली तो सगळा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

नीट बघा, इथे काय उलटलं. १९३० साली काठ वाचवायचा तर रस्ता करा, असं निसर्गप्रेमी म्हणत होते. १९५४ साली काठ वाचवायचा तर रस्ता करू नका, असं तेच म्हणू लागले. कुणी शब्द फिरवला नव्हता. गाड्यांची संख्या, वेग, रस्त्याची रुंदी हे सगळं बदललं होतं. १९३० चा रस्ता काठात मावत होता. पुढच्या काळाच्या रस्त्यासाठी काठच पुरला नसता.

मेरीलँडच्या बाजूला छोटासा तुकडा मात्र १९६०च्या दशकात झाला. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांचं घर त्याच्या कडेला आहे. १९८९ साली त्या तुकड्याला त्यांचं नाव दिलं गेलं. फोर्ट वॉशिंग्टनकडचा रस्ता झालाच नाही. पण त्या काठावर, माउंट व्हर्ननच्या बरोबर समोर, १९६१ साली पिस्कॅटवे पार्क निर्माण केलं गेलं. हेतू असा, की वॉशिंग्टनच्या ओसरीतून पलीकडे दिसणारा हिरवा काठ तसाच राहावा. आम्ही त्या ओसरीत बसलो तेव्हा समोर एकही इमारत दिसली नाही. तिथे रस्ता न करताच काठ राखला गेला.

दक्षिणेकडून उत्तरेकडे

आता मार्ग बघू. माउंट व्हर्ननच्या दारातल्या गोल चौकातून निघायचं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १७९९ साली वॉशिंग्टन वारला तेव्हा या जमिनीवर ३१७ गुलाम माणसं राबत होती. घर बघायला गेलात तर त्यांच्या दफनभूमीकडेही जा. ती जागा जपलेली आहे.

पुढे झाडीतून, नदीच्या कडेकडेने रस्ता जातो. मग डाइक मार्श लागते. गोड्या पाण्याची, पण भरती-ओहोटीची ही दलदल. पाणकणसांची दाटी, बगळे, मासे धरणारे ऑस्प्रे पक्षी, पांढऱ्या डोक्याचे गरुड. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी इथे मातीचे बांध घातले होते, त्यावरून नाव पडलं. १९५९ साली संसदेने ती संरक्षित केली, पण आधीच्या व्यवहारामुळे वाळू आणि खडी उपसणं १९७२ पर्यंत चालूच राहिलं. त्या उपशाने दलदलीचा मोठा भाग गेला, आणि वादळी लाटा अडवणारा दक्षिणेचा भागही गेला. मग उपसा थांबल्यावरही उरलेली दलदल झिजतच राहिली. अलीकडे लाटा अडवायला दगडी बांध घातला आहे, जेणेकरून गाळ पुन्हा साचेल. ओरबाडायला काही दशकं पुरली, भरून यायला किती लागतील ते नदी ठरवेल.

त्यानंतर अलेक्झांड्रिया. शहरात शिरताना डाव्या हाताला एक मोकळी हिरवी जागा दिसते. यादवी युद्धात दक्षिणेतून पळून आलेले हजारो कृष्णवर्णीय लोक या शहरात आश्रयाला होते. रोगराईने, उपासमारीने जे गेले, त्यांच्यासाठी १८६४ साली ही दफनभूमी केली. सतराशेहून अधिक माणसं इथे पुरली आहेत, त्यांत लहान मुलं फार. पुढे लोक विसरले. १९५५ साली तिथे पेट्रोल पंप बांधला गेला. म्हणजे स्वातंत्र्याच्या सेनापतीचं स्मारक म्हणून केलेला रस्ता, आणि त्याच्या कडेला, स्वातंत्र्य मिळवायला आलेल्यांच्या थडग्यांवर पंप! १९८७ च्या सुमारास जुन्या नोंदींतून ही जागा पुन्हा उजेडात आली, शहराने जमीन घेतली, पंप पाडला, आणि २०१४ साली स्मारक उभं राहिलं. भिंतीवर नावं कोरली आहेत. गाडीतून हे दिसून न दिसल्यासारखं होतं. उतरावं लागतं.

शहर संपलं की विमानतळ. १९४१ साली नदीत भराव घालून तो केला. त्याच्या उत्तर टोकाला ग्रॅव्हली पॉइंट नावाचं मैदान आहे. लोक चटया टाकून बसतात आणि डोक्यावरून विमानं उतरतात. पोरं ओरडतात, आजोबा कान झाकतात. नंतर कोलंबिया आयलंड, तेही उपसलेल्या गाळाचं बेट. लेडी बर्ड जॉन्सन यांच्या पुढाकाराने राजधानीत फुलझाडं लावली गेली, त्यात इथे डॅफोडिलची प्रचंड लागवड झाली. १९६८ साली बेटाला त्यांचं नाव दिलं.

मेमोरियल ब्रिज ओलांडून पुढे थिओडोर रूझवेल्ट आयलंड. पूर्वी इथे शेती आणि वाडा होता. १९३१ साली एका स्मारक संस्थेने ते घेऊन सरकारला दिलं, आणि ओल्मस्टेड यांच्याच मुलाने तिथे मुद्दाम जंगल उभं केलं. आज आत गेलं की नैसर्गिक अरण्य वाटतं, पण ते लावलेलं आहे.

इथून पुढे फॉल लाइनचा प्रदेश. रस्ता कड्यावर चढतो, नदी खोल खाली राहते, थांबून बघायच्या जागा येतात. फोर्ट मार्सीचे यादवी युद्धातले मातीचे तट, मग टर्की रन, आणि बेल्टवे.

पायवाटा

माउंट व्हर्नन ट्रेल सुमारे २९ किलोमीटरची. रूझवेल्ट आयलंडपासून माउंट व्हर्ननपर्यंत, डांबरी, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. मूळ रस्त्याच्या आखणीत ती नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक लोकांनी मागणी लावून धरली, स्वयंसेवकांनी खडी पसरली, तेव्हा ती झाली. आज तिच्यावरून लोक कामालाही जातात. त्यामुळे ती आता अरुंद वाटते, आणि लाकडी पूल पावसात घसरडे होतात.

उत्तरेला पोटोमॅक हेरिटेज ट्रेल, साधारण १६ किलोमीटर, फक्त पायी. ही खरी पायवाट. मुळं, खडक, ओढे, काही ठिकाणी हाताने धरून चढायचं. टर्की रनपाशी एप्रिलमध्ये निळ्या घंटेसारख्या फुलांचा गालिचा असतो, ब्लूबेल्स. वर पार्कवेवरच्या गाड्यांचा आवाज सतत येत असतो, आणि समोर नदी. त्या वाटेवर चालताना हा सगळा इतिहास कानाने ऐकू येतो म्हणा ना.

आता काय?

रस्ता म्हातारा झाला आहे. २०१९ साली उत्तरेच्या भागात रस्ता खचून मोठा खड्डा पडला, खालची जुनी पाणी वाहून नेणारी व्यवस्था निकामी झाली होती. २०२२ अखेर त्या भागाची मोठी दुरुस्ती सुरू झाली. दक्षिणेच्या भागात लोक भरधाव जातात, गल्ल्यांच्या तोंडाशी अपघात होतात. लेन कमी करा असं काही जण म्हणतात, मग उशीर होईल असं इतर म्हणतात. १९३२ साली जो प्रश्न नव्हता तो आज रोज सकाळी आठ वाजता पडतो.

आमचं मत एवढंच, की या ठिकाणी रस्ता पाहुणा आहे आणि काठ घरमालक. जिथे हे लक्षात राहिलं तिथे पार्कवे चांगला झाला, आणि जिथे रस्ता मावत नव्हता तिथे तो न करण्यातच शहाणपण होतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वय झालेल्यांनी कुठला टप्पा चालावा?*

रूझवेल्ट आयलंड. मेट्रोने रॉसलिनला उतरायचं आणि पायी जायचं. बेटावरच्या वाटा सपाट आहेत, दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे. सायकलला आत परवानगी नाही, त्यामुळे धक्का लागायची भीती नाही. गाडीने जाणार असाल तर मुलांना सांगा, तिथला वाहनतळ फक्त उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूने लागतो. चुकलात तर मोठा वळसा पडतो. आम्ही चुकलो होतो.

*पार्कवेच्या मुख्य रस्त्यावर सायकल चालवता येते का?*

नाही. सायकलसाठी ट्रेल. आणि ट्रेलवर चालताना उजव्या बाजूने चाला. मागून घंटी वाजली की थबकून मागे वळून बघू नका, सरळ चालत राहा. सायकलवाला डावीकडून जातो.

*ग्रेट फॉल्स मग बघायचाच नाही का?*

जरूर बघा. रस्ता पोचला नसला तरी उद्यान आहेच, दोन्ही काठांवर. व्हर्जिनियाच्या बाजूला वॉशिंग्टनच्या कालव्याचे अवशेष, मेरीलँडच्या बाजूला डग्लस चालले ती खेचरांची वाट. तिथे अर्धा तास उभे राहा आणि मनात आणा, की इथे चारपदरी रस्ता झाला असता तर काय दिसलं असतं, काय ऐकू आलं असतं. पाण्यात मात्र उतरू नका. पाणी वरून शांत वाटतं, पण ओढ फार आहे, आणि तिथे माणसं दगावली आहेत.